गाईचा विमा आहे, ट्रॅक्टरचा आहे. गड्याचा आहे का?

🐄 *सभासद सल्ला: गोठ्यातली सुरक्षा आणि कामगाराची नुकसानभरपाई*



आजचा संदेश जरा लांब आहे. संध्याकाळची धार झाली की निवांत बसून वाचा. घरात हिशेब बघणाऱ्यालाही वाचायला द्या.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गोठ्यात आता माणूस कामाला आहे. कुणाकडे सालगडी, कुणाकडे बाहेरच्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेलं जोडपं, तर कुणाकडे फक्त सकाळी शेण काढायला येणारी बाई. गाय घेताना कर्जासोबत तिचा विमा निघतो. ट्रॅक्टरचा विमा तर काढावाच लागतो. पण रोज पहाटे त्या गाईच्या पायाशी बसणाऱ्या, कुट्टी मशीनमध्ये वैरण सारणाऱ्या माणसाचं काय? बहुतेक गोठ्यांत त्याच्या नावावर काहीच नसतं.

आज एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: *गोठ्यात एक जरी माणूस पगारावर असला, तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही मालक आहात. कामावर त्याला इजा झाली, तर भरपाई तुम्हालाच द्यावी लागते.* ती खिशातून द्यायची की विम्यातून, एवढंच तुमच्या हातात आहे. आणि इजा होऊच नये यासाठी काय करायचं, तेही तुमच्याच हातात आहे.

━━━━━━━━━━
*भाग १ : कायदा काय म्हणतो?*

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा आहे. कारखाना, खाण, रेल्वे एवढ्यापुरताच तो आहे असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या यादीत शेतीची मशागत आणि *जनावरांचं संगोपन* हेही आहे. आधी या कलमाला २५ पेक्षा जास्त कामगारांची अट होती. २००९ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. म्हणजे पाच गाईंचा आणि एका गड्याचा गोठाही त्यात आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. भरपाईची मूळ तत्त्वं मात्र तीच आहेत.

गावात चालणारे काही समज आणि खरी गोष्ट:

❌ *"चूक त्याचीच होती."*
✅ भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरेसं आहे. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं, मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढणं अशा वेळी मालकाला बचाव आहे. पण माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर हा बचावही चालत नाही.

❌ *"स्टँपपेपरवर लिहून घेतलंय की जबाबदारी माझी नाही."*
✅ भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. त्या कागदाचा काही उपयोग नाही.

❌ *"उचल दिलेली आहे, ती भरपाईतून वळती करू."*
✅ करता येत नाही. भरपाईच्या रकमेतून उचल, कर्ज किंवा उधारी कापता येत नाही.

❌ *"घरच्यांना बोलावून पंचांसमोर पैसे दिले, मिटलं."*
✅ मृत्यूच्या प्रकरणात भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. मग दुसऱ्यांदा पैसे भरायची वेळ येते.

❌ *"पुढच्या हंगामात बघू, एवढी घाई काय?"*
✅ देणं लागू झाल्यापासून एक महिन्यात रक्कम भरली नाही, तर त्यावर १२ टक्के व्याज लागतं. उशिराला योग्य कारण नसेल, तर वर निम्म्या रकमेपर्यंत दंड बसू शकतो. हा दंड विमा कंपनी भरत नाही, मालकालाच भरावा लागतो.

━━━━━━━━━━
*भाग २ : हिशेब किती होतो?*

एक उदाहरण घेऊ. गड्याचं वय ३५ वर्षं, पगार महिना १२,००० रुपये.

कायद्यात प्रत्येक वयासाठी एक गुणक दिलेला आहे. ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६ आहे. वय जितकं कमी, तितका गुणक मोठा.

🔹 *मृत्यू* : पगाराचे ५० टक्के × गुणक
६,००० × १९७.०६ = *११,८२,३६० रुपये*

🔹 *कायमचं पूर्ण अपंगत्व* : पगाराचे ६० टक्के × गुणक
७,२०० × १९७.०६ = *१४,१८,८३२ रुपये*

🔹 *कायमचं अंशतः अपंगत्व* : कोणत्या इजेने कमावण्याची किती ताकद गेली, याचे टक्के कायद्याच्या तक्त्यात ठरलेले आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के, मनगटापासून हात गेला तर ६० टक्के.
अंगठा : १४,१८,८३२ चे ३० टक्के = सुमारे *४,२५,६५० रुपये*
हात : १४,१८,८३२ चे ६० टक्के = सुमारे *८,५१,३०० रुपये*

🔹 *तात्पुरती इजा* (समजा पाय मोडला, दोन महिने घरी) : दर पंधरवड्याला पगाराचे २५ टक्के, म्हणजे इथे ३,००० रुपये. दोन महिन्यांचे १२,००० रुपये.

🔹 याशिवाय कामावर झालेल्या इजेच्या *उपचाराचा प्रत्यक्ष खर्च* वेगळा.

आता हे दुधात मोजून बघा. दुधाला लिटरला ३५ रुपये दर धरला, तर एका अंगठ्याची भरपाई म्हणजे १२ हजार लिटरहून जास्त दूध. रोज १०० लिटर दूध घालणाऱ्या गोठ्याची चार महिन्यांची *सगळी* पट्टी. त्यात पेंड, वैरण, डॉक्टर, बँकेचा हप्ता काहीच वजा केलेलं नाही.

आणि दुसरी बाजूही बघा. ज्याचा अंगठा गेला, त्याला पुन्हा धार काढता येत नाही. धार काढणं हीच त्याची कमाई. ही रक्कम म्हणजे त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत, उरलेल्या आयुष्याच्या पगाराचा तो तुकडा आहे.

━━━━━━━━━━
*भाग ३ : कोणता विमा काढायचा?*

*(अ) पगारी माणसासाठी : कामगार नुकसानभरपाई पॉलिसी*
विमा एजंट हिला "एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन" किंवा जुन्या नावाने "वर्कमेन कॉम्पेन्सेशन" पॉलिसी म्हणतात. सरकारी आणि खासगी दोन्ही साधारण विमा कंपन्या ती देतात. हप्ता माणसं किती, वर्षाचा एकूण पगार किती आणि काम कोणतं यावर ठरतो. तुमची कायदेशीर देणी भागवणारी पॉलिसी हीच.

एजंटला हे प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका:

१. प्रस्तावात कामाचं वर्णन "दुग्धव्यवसाय, जनावरांची देखभाल, कुट्टी मशीन चालवणे" असं स्पष्ट लिहिलंय का? नुसतं "शेतमजूर" नको.
२. गोठा आणि वैरणीचं शेत, दोन्ही जागा लिहिल्यात का?
३. उपचाराचा खर्च यात आहे की जादा हप्ता भरून घ्यावा लागतो? मर्यादा किती?
४. कामातून होणारे आजार (खाली भाग ५ बघा) यात येतात का?
५. माणूस बदलला तर काय? नावानिशी पॉलिसी असेल, तर नवीन माणसाचं नाव लगेच कळवावं लागतं.
६. ठेकेदारामार्फत आलेली माणसं (मुरघास भरणारी टोळी, शेड बांधणारे) यात येतात का?
७. उशिराचं व्याज कंपनी भरणार का?

⚠️ *पगार खरा लिहा.* हप्ता वाचवायला १२ हजारांचा पगार ६ हजार दाखवला, तर दाव्याच्या वेळी वाद होतो आणि फरक तुमच्याच अंगावर येतो.

*(आ) घरच्या माणसांसाठी*
आपल्याकडे निम्मं काम घरचीच माणसं करतात. बायको, मुलगा, वडील हे पगारी नाहीत, म्हणून वरची पॉलिसी त्यांच्या कामाची नाही. त्यांच्यासाठी:

▪️ *गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना* : राज्य सरकारची योजना. हप्ता नाही. वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५. अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख रुपये. विजेचा धक्का, सर्पदंश, जनावराच्या हल्ल्यात झालेली इजा हे सगळं त्यात आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, *३० दिवसांच्या आत*.

▪️ *प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना* : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. बँक खात्यातून दरवर्षी आपोआप कापले जातात. वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक ठेवा.

ही २० रुपयांची योजना गड्याच्या आणि त्याच्या बायकोच्या खात्यावरही सुरू करून द्या. मात्र त्यामुळे *तुमची भरपाईची जबाबदारी संपत नाही.* ते पैसे त्याच्या घराला मिळणारी जादा मदत आहे.

*(इ) ट्रॅक्टर*
ट्रॅक्टरवर बसायची जागा एकट्या चालकाची. मडगार्डवर किंवा वैरणीने भरलेल्या ट्रॉलीवर बसलेला माणूस पडला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. वैरण आणताना माणूस वर बसवूच नका.

━━━━━━━━━━
*भाग ४ : इजा होते कुठे?*

विमा अपघातानंतरचा. आधी अपघात टाळायचा. गोठ्यातल्या धोक्याच्या चार जागा:

🔴 *१. कुट्टी मशीन*
▪️ वैरण सारायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं हवं, म्हणजे हात पात्यापर्यंत पोचतच नाही. पट्टा आणि चाकावर जाळी हवी.
▪️ वैरण अडकली तर *आधी मेन स्विच बंद*. मोटर बंद केली तरी जड चाक काही वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय हात घालायचा नाही.
▪️ शेवटचा पेंढा हाताने नाही, लाकडी दांडक्याने सारायचा.
▪️ पदर खोचलेला, गमछा काढलेला, सैल बाह्या दुमडलेल्या, बांगड्या आणि कडं काढलेलं.
▪️ अंधारात किंवा अर्धवट झोपेत कुट्टी नको. वर चांगला दिवा लावा. स्विच मशीन चालवणाऱ्याच्या हाताजवळ हवा.
▪️ १८ वर्षांखालचं मूल, आपलं असो की गड्याचं, मशीनजवळ नको.

🔴 *२. वीज*
गोठ्यात कायम ओल असते. पाय उघडे, हात ओले.
▪️ मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो लगेच वीज तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.
▪️ मिल्किंग मशीन, कुट्टी, पाण्याची मोटर, प्रत्येकाला चालू अर्थिंग हवं.
▪️ टेप गुंडाळलेली जोडवायर गव्हाणीवरून किंवा जमिनीवरून नको.
▪️ गाय लोखंडी पाइपला तोंड लावायला घाबरत असेल किंवा अचानक बिथरत असेल, तर वायरमनला बोलवा. वीज उतरत असेल, तर आधी तिलाच कळतं.

🔴 *३. शेणाची टाकी, स्लरीचा खड्डा, गोबरगॅस*
सडणाऱ्या शेणातून विषारी वायू निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाक बधिर होतं आणि *वास येणं बंद होतं*. तेव्हा माणसाला वाटतं, आता ठीक आहे.
▪️ टाकीत कधीच उतरायचं नाही. पंप अडकला तर बाहेरून ओढून काढायचा.
▪️ ढवळताना तोंड टाकीवर नको, वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवा. आसपास विडी-काडी नको.
▪️ *आत माणूस पडला तर मागोमाग उडी मारू नका.* वाचवायला उतरणाराही तिथेच कोसळतो. ११२ ला फोन करा, बाहेरून दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा.
▪️ टाकीवर जड झाकण आणि भोवती कुंपण ठेवा.

🔴 *४. जनावर स्वतः*
▪️ नवीन आणलेली, ताजी व्यायलेली, कासेला सूज असलेली गाय, या तिघींपासून जपून. गाय बाजूलाही लाथ मारते, नुसती मागे नाही.
▪️ जवळ जाताना आवाज द्या, हात लावा, मगच बसा.
▪️ लस, इंजेक्शन, खूर कापणी खोड्यातच करा. दहा-बारा गाई असतील तर लोखंडी खोडा हवाच.
▪️ वळूजवळ एकट्याने जायचं नाही. दावं मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचं नाही.
▪️ फरशी गुळगुळीत झाली असेल तर खाचा पाडून घ्या. गड्याला गमबूट तुम्हीच घेऊन द्या.

━━━━━━━━━━
*भाग ५ : न दिसणारी इजा*

गाय दिवस भरण्याआधी गाभडली, जार अडकला, आणि गड्याने उघड्या हाताने तो काढला. काही आठवड्यांनी त्याला चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी, कंबरदुखी. हा *ब्रुसेलोसिस* असू शकतो. जनावराकडून माणसाला होणारा हा आजार आहे, कच्च्या दुधातूनही होतो. दवाखान्यात साधा ताप म्हणून गोळ्या मिळतात आणि दुखणं महिनोन् महिने चालतं.

जनावरं हाताळण्याच्या कामातून झालेला संसर्ग हा कायद्याच्या यादीत *व्यवसायजन्य आजार* आहे. म्हणजे तोही अपघातासारखाच भरपाईला पात्र.

काय करायचं:
✔️ गाभडलेलं वासरू आणि जार यांना हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. चुना टाकून खोल पुरायचं. कुत्र्यांना मिळू द्यायचं नाही.
✔️ ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस एकदा द्या. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.
✔️ दूध उकळूनच प्यायचं. गड्याच्या पोरांनाही तसंच.
✔️ ताप आठवडाभर टिकला तर डॉक्टरांना *"मी गोठ्यात काम करतो"* हे आवर्जून सांगायचं. गरोदर बाईला जार, गाभडलेलं वासरू यांपासून लांब ठेवायचं.

━━━━━━━━━━
*भाग ६ : झालंच तर काय करायचं?*

⏱️ *पहिली काही मिनिटं*
▪️ *बोट तुटलं* : जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात, ते प्लास्टिक पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फावर ठेवू नका. हळद, डिझेल, माती काही लावू नका.
▪️ *शॉक बसला* : आधी मेन बंद, मगच माणसाला हात लावा.
▪️ *साप चावला* : आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. हात-पाय न हलवता थेट दवाखाना.
▪️ १०८ ला फोन करा.

📄 *पहिले दोन दिवस*
▪️ डॉक्टरांना इजा कशी झाली ते खरं सांगा. "घरी पडला" असं लिहिलं गेलं, की पुढे विमा दावा अडतो.
▪️ विमा कंपनीला लगेच, लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल केला तर तो जपून ठेवा.
▪️ जागेचे आणि मशीनचे फोटो काढा. कोणी पाहिलं त्यांची नावं लिहा.
▪️ मृत्यू झाला असेल तर पोलिसांना खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतोच. घाईने अंत्यविधी उरकू नका.
▪️ बिलं, पगाराची वही, पॉलिसी एका पिशवीत ठेवा.

━━━━━━━━━━
*या आठवड्याचं काम* ✍️

☐ गड्याचं आधार, बँक खातं, गावचा पत्ता आणि घरच्या माणसाचा फोन वहीत लिहिला
☐ पगार खात्यावर द्यायला सुरुवात केली, किंवा वहीत सही-अंगठा घेतला
☐ विमा एजंटला सात प्रश्न विचारले, हप्ता लिहून घेतला
☐ कुट्टी मशीनच्या तोंडाला झाकण, पट्ट्याला जाळी
☐ आरसीसीबी बसवला
☐ शेणाच्या टाकीवर झाकण
☐ गमबूट, हातमोजे, औषधाची पेटी आणली
☐ घरच्यांची आणि गड्याची २० रुपयांची योजना सुरू केली

विम्याचा हप्ता परवडत नाही असं काही सभासद म्हणतील. तीन-चार गाईंच्या गोठ्याला तो जड वाटणं साहजिक आहे. पण मशीनचं झाकण, लाकडी दांडकं आणि "आधी मेन बंद" ही सवय यांना फार पैसे लागत नाहीत. ते आज करा. पुढच्या पट्टीतून विम्याचं बघा. शेजारच्या चार-पाच गोठ्यांनी मिळून एकाच एजंटशी बोललात, तर घासाघीसही करता येते.

हा संदेश तुमच्या गड्यालाही वाचून दाखवा. मराठी येत नसेल तर निदान भाग ४ आणि ६ त्याच्या भाषेत समजावून सांगा. जो रोज मशीनसमोर उभा राहतो, त्याला हे तुमच्याआधी माहीत हवं.

शंका असेल तर या संदेशाला उत्तर म्हणून लिहा किंवा आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पॉलिसीचा कागद समजत नसेल तर त्याचा फोटो घेऊन दूध संकलनाच्या वेळी केंद्रावर या, बसून वाचू.

सांभाळून काम करा. 🙏